आजीची पिवळट काचेची वाटी नोटा बघायच्या दिव्याखाली हिरवी चमकालीय, घरात ठेवू की नको?

शहापूरवाला
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र हाय, हसू नका. आमचं बेळगावच्या शहापुरात साड्यांचं छोटं दुकान, गल्ल्यापाशी नोटा बघायचा निळा दिवा हाय. परवा माळ्यावरची जुनी पेटी उतरवली तर त्यात आजीची काचेची वाटी सापडली, लिंबाच्या सालीसारखा पिवळट हिरवट रंग, काठ नागमोडी. आजी त्यात लिंबाचं लोणचं काढून ठेवायची हे मला पक्कं आठवतंय. आजोबांनी म्हणे ती कॅम्पात कुणा गोऱ्या साहेबाचं सामान विकायला काढलेलं तेव्हा घेतलेली. तर वाटी दुकानात आणून गल्ल्यावर ठेवली, पोरानं सहज दिवा लावला आणि वाटी अशी पेटली की काय सांगू, हिरवीगार, काजव्यासारखी. दिवा बंद केला की परत गप्प. पोरगा मोबाईलवर बघून म्हणतोय ह्यात युरेनियम हाय. बायको म्हणते आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढा. मला दोनच गोष्टी सांगा, हे खरंच युरेनियम का, आणि आम्ही सगळे त्या वाटीतलं लोणचं खाऊन मोठे झालोय त्याचं काय?

कुंदाप्रेमी
आजी किती वर्षं जगली ते आधी सांगा, मग रेडिएशनचं बोलू.

शहापूरवाला
९१. शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवायची.

कुंदाप्रेमी
मग माझ्यासाठी पण एक वाटी बघा की.

टिळकवाडीची_ताई
हसण्यावारी नेऊ नका हो. चमकतंय म्हणजे त्यातून किरणं बाहेर पडतायत, इतकं साधं आहे. मुलं आहेत घरात. मी असते तर फडक्यात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत दिली असती.

खानापूरची_सून
ताई, चमकतं ते सगळं किरणोत्सारी असेल तर माझ्या सासऱ्यांचं टिनोपॉल घातलेलं धोतर पण गाडीत द्यावं लागेल, त्या दिव्याखाली ते वाटीपेक्षा जास्त चमकेल 😄
शहापूरवाले दादा, एक विचारू का, वाटी नीट धुतली होती का? हळद पण त्या दिव्याखाली पिवळी हिरवी चमकते. तेलात विरघळलेली तर फारच. लोणच्याच्या वाटीला हळदीचं तेल बसलेलं असणारच.

शहापूरवाला
आँ! हे डोक्यातच आलं नाही. नुसती फडक्यानं पुसलेली. संध्याकाळी धुवून सांगतो.

धारवाडी_मास्तर
खानापूरच्या ताईंनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. आधी एक घोळ मिटवतो. वाटी चमकते ती किरणोत्सर्गामुळं नाही. दिव्यातून जंबूपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणं येतात, युरेनियमचा जो आयन काचेत असतो तो ती गिळतो आणि हिरवा उजेड बाहेर टाकतो. दिवा बंद, उजेड बंद. किरणोत्सर्गाला दिवा लागत नाही, तो रात्रंदिवस चालूच असतो, फक्त डोळ्याला दिसत नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकाच धातूत नांदतात म्हणून सगळ्यांची गफलत होते.

आणि ही गफलत लहानसहान माणसाची नाही, बेक्वेरेलसारख्या शास्त्रज्ञाची झाली होती. १८९६ साली पॅरिसमध्ये त्यानं युरेनियमचा एक क्षार घेतला, पोटॅशियम युरेनिल सल्फेट, मुद्दाम चमकणारा म्हणून. त्याला वाटायचं की उन्हात ठेवलं की क्षार चमकेल आणि त्या चमकीबरोबर क्षकिरणांसारखं काहीतरी निघेल. काळ्या कागदात फोटोची काच गुंडाळून वर क्षार ठेवला. फेब्रुवारी संपत आलेला, ऊनच पडेना, म्हणून सगळं ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. १ मार्चला तशीच काच धुतली तर ठसा चांगला ठसठशीत. ऊन नाही, चमक नाही, तरी किरणं. पुढं त्यानं युरेनियमचे न चमकणारे हिरवे क्षार घेऊन बघितले, त्यांनी पण काच काळी केली. मग शेवटी नुसता धातू. तेव्हा पक्कं झालं, चमक वेगळी, किरणं वेगळी.

टिळकवाडीची_ताई
बरं, चमक वेगळी हे पटलं. पण किरणं आहेतच ना? ते तर तुम्हीच सांगताय.

धारवाडी_मास्तर
आहेत की. किती, तो प्रश्न. रात्री सवडीनं लिहितो, आत्ता पेपर तपासालोय.

निवृत्त_लॅबवाला
मास्तर यायच्या आत मी माझं सांगून घेतो. बेळगावातल्या एका कॉलेजात (नाव सांगत नाही, तिथंच पेन्शन हाय) तीस वर्षं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो. स्टोअरच्या खालच्या फळीवर तपकिरी बाटल्या असायच्या, युरेनिल नायट्रेट आणि युरेनिल ॲसिटेट. पिवळे खडे, पण कसला पिवळा म्हणून सांगू, हळदीचा न्हवं, शेवंतीचा न्हवं, लिंबावर ऊन पडल्यावर जो थोडा हिरवा मारतोय तसला. आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही की ह्यात युरेनियम म्हणजे तेच ते युरेनियम. लेबल इंग्रजीत, स्टोअरकीपर कन्नड, मी मराठी, त्यामुळं बाटलीचं नावच पडलेलं "पिवळी बाटली".

तिचा उपयोग दोनच ठिकाणी. एक सोडियम ओळखायला. सोडियमचे क्षार म्हणजे एक नंबरचे उनाड, पाण्यात कशाबरोबरही टाका, विरघळून जातात, साका म्हणून खाली बसतच नाहीत. झिंक युरेनिल ॲसिटेट घातलं की मात्र पिवळा साका चूपचाप तळाला. आणि दुसरं फॉस्फेट मोजायला. ते प्रॅक्टिकल बघण्यासारखं. फ्लास्क गरम ठेवायचा, वरनं ब्युरेटमधून युरेनिल ॲसिटेट सोडायचं, फॉस्फेटबरोबर त्याचा पिवळट गाळ होत जातोय. संपलं कधी हे फ्लास्कमध्ये कळत नाही. म्हणून पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर पोटॅशियम फेरोसायनाइडचे थेंब ओळीनं मांडून ठेवायचे, दर वेळी काचेच्या कांडीनं फ्लास्कमधला एक थेंब उचलायचा आणि त्या थेंबाला लावायचा. नाही, नाही, नाही, आणि एका थेंबाला एकदम विटेचा तांबूस रंग. तो आला की थांबायचं. चाळीस पोरं, चाळीस फरश्या, आणि नंतर त्या सगळ्या धुणार कोण, मी. नळाखाली, हातानं, सिंकमध्ये.

कुंदाप्रेमी
काका, म्हणजे तुम्ही पण चमकत असणार दिव्याखाली.

निवृत्त_लॅबवाला
लग्नात फोटोग्राफरनं फ्लॅश मारला नाही, गरजच पडली नाही.

धारवाडी_मास्तर
लॅबवाले काका, तुम्ही सांगितलेल्या सोडियमच्या साक्यातली गंमत अशी की त्यात एका सोडियममागं एक झिंक, तीन युरेनिल आणि नऊ ॲसिटेट असतात, वर सहा पाणी. सगळी वरात मोजली तर नवरदेव म्हणजे सोडियम वजनात जेमतेम दीड टक्का. म्हणून चिमूटभर सोडियम असलं तरी साका भरभरून येतो आणि वजन करायला सोपं जातं.

निवृत्त_लॅबवाला
म्हणूनच तर पोरांचं प्रत्येक अननोन सॉल्ट सोडियमचं निघायचं! मे महिन्यात घाम पुसलेला हात टेस्टट्यूबला लागला की झालं. सर ओरडायचे, "अरे हे मीठ बाटलीतलं की तुझ्या कपाळावरचं?"

अनगोळकर
हा विषय आवडलाय. माझा एक बाळबोध प्रश्न, "युरेनिल" म्हणजे नक्की काय? युरेनियम आणि युरेनिल एकच का?

धारवाडी_मास्तर
बाळबोध नाही, मुळातला प्रश्न हाय. कावड डोळ्यासमोर आणा. मधे खांदा, म्हणजे युरेनियम. दोन्ही टोकाला एकेक घागर, म्हणजे ऑक्सिजन. तिन्ही एका सरळ रेषेत आणि दोन्ही घागरी इतक्या घट्ट बांधलेल्या की ॲसिडात टाका, पाण्यात टाका, सुटत नाहीत. ही अख्खी कावड म्हणजे युरेनिल. बाकी नायट्रेट, ॲसिटेट, पाणी, कार्बोनेट हे सगळे पाहुणे कावडीच्या कंबरेभोवती रिंगण धरून बसतात, पाच किंवा सहा जागा असतात त्यांना. पाहुणे बदलले की क्षाराचं नाव बदलतं, कावड तीच. पिवळा रंग आणि हिरवी चमक ही त्या कावडीची.

युरेनियम पाण्यात चार सोंगं घेतं. तीन प्रभाराचं लालसर जांभळं, चाराचं हिरवं, पाचाचं धड टिकतच नाही, आपोआप मोडून चार आणि सहा होतं, आणि सहाचं हे पिवळं युरेनिल. एमएस्सीला धारवाडात आम्ही पारा लावलेल्या झिंकच्या दाण्यांतनं पिवळं द्रावण खाली सोडायचो, येताना पिवळं न्हवं, मळकट ऑलिव्ह रंगाचं येतंय, कारण थोडं तीनवर पण घसरलेलं असतंय. मग त्यात पाच मिनिटं हवा फुंकायची आणि डोळ्यादेखत स्वच्छ हिरवं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर हिरवा रंग, आंबोलीच्या पावसातला धरून.

गोकाकवाला
मास्तर, आंबोलीवर अन्याय करू नका.

निवृत्त_लॅबवाला
आणखी एक बघितलेलं सांगू का, कुणी विश्वास ठेवत नाही. पावसाळ्यात एकदा संध्याकाळी करंट गेलं, मी स्टोअरमध्ये अडकलो. काळोखात चाचपडताना युरेनिल नायट्रेटची बाटली हलली तर आत बारीक बारीक ठिणग्या. परत हलवली, परत ठिणग्या. मी बाटली ठेवली आणि मारुतीस्तोत्र म्हणतच बाहेर पडलो.

धारवाडी_मास्तर
काका, खरं हाय ते, भूत न्हवं. ते खडे एकमेकावर घासले, चिरडले की उजेड देतात. साखरेचा खडा अंधारात फोडला तर निळसर चमक दिसते तसंच, ह्याचं जरा जास्त. पण त्याच बाटलीची एक वाईट सवय पण सांगून ठेवतो. युरेनिल नायट्रेट ईथरमध्ये मजेत विरघळतं आणि ते द्रावण उन्हात ठेवल्यावर स्फोट झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून जुन्या लॅबमध्ये कुणी "बघूया काय होतंय" करू नका.

अनगोळकर
धातूचा क्षार ईथरमध्ये विरघळतोय? मीठ तर रॉकेलात टाकलं तरी विरघळत नाही.

धारवाडी_मास्तर
हेच तर युरेनियमचं वैशिष्ट्य. नायट्रिक ॲसिड असलं की दोन नायट्रेट कंबरेला बिलगतात, सगळा प्रभार मिटतो आणि कावड पाण्याचा थर सोडून वरच्या थरात निघून जाते. बाकीचे बहुतेक धातू पाण्यातच राहतात. खनिजातनं शुद्ध युरेनियम वेगळं काढायचं तंत्र ह्याच सवयीवर उभं हाय, फक्त आता ईथरऐवजी दुसरं, कमी पेटणारं द्रव वापरतात.

कुंदाप्रेमी
म्हणजे दोन थर, मधे सीमारेषा, आणि ह्या गड्याला पलीकडं जायचंय. हे तर आमच्यातलंच निघालं! फरक एवढाच की त्याचा निकाल अर्ध्या तासात लागतोय.

गोकाकवाला
😂😂 हा प्रतिसाद धाग्याच्या वर पिन करा.

शहापूरवाला
मंडळी, सीमाप्रश्न नंतर सोडवा, वाटी धुतली. भांड्याच्या साबणानं, मग गरम पाण्यानं, बायको लांब उभी राहून. हळदीचा डाग होता खरा, आतल्या बाजूला पिवळी चमक होती ती गेली. पण वाटी अजून तशीच हिरवी. काठ तर जास्तच. आता?

खानापूरची_सून
अर्धी केस मी जिंकले 😌

धारवाडी_मास्तर
आता बहुतेक युरेनियमच. मँगनीज घातलेली जुनी काच पण हिरवी चमकते, पण मंद, दिवा अगदी टेकवावा लागतो. तुमची दुकानभर दिसत असेल तर तो युरेनियमचाच उजेड. आता ताईंचा हिशेब चुकता करतो.

युरेनियम २३८ चं अर्धआयुष्य ४४७ कोटी वर्षं. म्हणजे पृथ्वी जन्मली तेव्हा जेवढं होतं त्यातलं निम्मं अजून शिल्लक. एवढ्या सावकाश मोडणाऱ्या गोष्टीतनं दर सेकंदाला बाहेर पडणारं पण कमीच. एक ग्रॅम नैसर्गिक युरेनियममध्ये सेकंदाला साधारण २५ हजार अणू मोडतात. एक ग्रॅम रेडियममध्ये ३,७०० कोटी. पंधरा लाख पट फरक. आणि अशा काचेत युरेनियम असतं ते सहसा वजनाच्या दोन टक्क्यांच्या आतबाहेर, क्वचित एखाद्या जुन्या काचेत २५ टक्क्यांपर्यंत.

टिळकवाडीची_ताई
सर, २५ हजार म्हणजे कमी वाटत नाही हो मला. शून्य म्हणजे कमी.

धारवाडी_मास्तर
शून्य कुणाचंच नाही ताई. तुमच्या माझ्या अंगातल्या पोटॅशियममधले अणू पण सेकंदाला चार हजारांवर मोडत असतात, आत्ता हे टाइप करताना पण. युरेनियमची अल्फा किरणं कागदाच्या कपट्यानं अडतात, बहुतेक तर काचेच्या आतच संपतात. बीटा थोडी बाहेर येतात, आणि ती युरेनियमची स्वतःची नाहीत, त्याच्या पोराबाळांची, म्हणजे तो मोडून जे नवे अणू होतात त्यांची. १९०० साली क्रुक्स नावाच्या शास्त्रज्ञानं युरेनियमच्या क्षारातनं ती पोरं वेगळी काढली तर क्षार एकदम थंड पडला, फोटोची काच काळी होईना. काही महिन्यांनी बघितलं तर क्षार परत पूर्ववत, कारण नवीन पोरं जन्मली. त्यातल्या थोरियमचं अर्धआयुष्य २४ दिवस.

टिळकवाडीची_ताई
मग लोणचं चालेल म्हणताय?

धारवाडी_मास्तर
असं म्हटलंच नाही मी! इथंच सगळे उलटं धरतात. किरणांना घाबरतात आणि रसायनाला विसरतात. युरेनियम हा शिशासारखा जड, विषारी धातू हाय. विरघळलेल्या रूपात पोटात गेला की पहिला मार मूत्रपिंडाला. म्हणजे युरेनिल नायट्रेटचा खडा आणि युरेनियमची काच, धातू एकच असला तरी धोका एक न्हवं. खडा पाण्यात लगेच विरघळतो. काचेत तोच धातू सिलिकेच्या जाळ्यात अडकलेला, निघता निघत नाही. पण लोणचं म्हणजे काय, मीठ, लिंबाचा आंबटपणा आणि सहा महिन्यांचा मुक्काम. काचेतनं त्यानं फार थोडंच निघेल. जुन्या भगव्या रंगाच्या चिनीमातीच्या बशांवर युरेनियमचं ग्लेझ असायचं, त्यातनं जास्त निघतं. आजी वाटीत लोणचं मुरवत नव्हती, वाढण्यापुरतं काढत होती, तेव्हा झालं ते झालं, त्याची चिंता करू नका. पण आता मुद्दाम कशाला?

निवृत्त_लॅबवाला
मास्तर, हे वाचून मला आता चाळीस फरश्या आठवालेत. ते विरघळलेलंच होतं की. हातमोजे कुठले, पोरं पिपेटमध्ये तोंडानं ओढायची. एकदा एकाच्या तोंडात गेलं, सरांनी चूळ भरायला लावली आणि चहा पाजला.

धारवाडी_मास्तर
काका, त्या काळी सगळीकडं तसंच होतं. मी पण ओढलंय. तोंडानं पिपेट ओढणं बंद झालं ही माझ्या हयातीतली सगळ्यात मोठी क्रांती. तुम्ही एकदा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करून घ्या, वयामानानं पण करायला पाहिजेच.

निपाणीचा_स्टुडिओवाला
उशिरा आलो. आमच्या आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. घरात जुने तपकिरी फोटो ढिगानं आहेत, ते सगळे युरेनियमनं रंगवलेले असं ऐकलंय. खरं का?

धारवाडी_मास्तर
सगळे नाही, तपकिरी फोटो बहुतेक सल्फाइडवाले असतात. पण युरेनियम टोनर होता खरा. लॅबवाल्या काकांच्या फरशीवर जो विटेचा रंग उमटायचा ना, तोच पदार्थ, युरेनिल फेरोसायनाइड, फोटोतल्या चांदीच्या जागी बसवायचा. म्हणून तो फोटो नुसता तपकिरी नसतो, तांबडा, शेंदरीकडं झुकलेला असतो. तसला एखादा सापडला तर सांगा.

निपाणीचा_स्टुडिओवाला
एक हाय! पणजोबांचा, फेटा बांधलेला, अख्खे विटेसारखे लाल. घरात सगळे म्हणायचे रागीट होते म्हणून तसे आलेत 😀

चिकोडीचा_ऊसवाला
मास्तर, आमच्याकडचा प्रश्न. वाट्या-फोटो सोडा, आम्ही शेतात डीएपी टाकतोय वर्षानुवर्षं, आणि कुणीतरी सांगितलं त्यात पण युरेनियम असतंय. आणि पाचशे फुटांचं बोअर. पाण्यात उतरतंय का हे?

धारवाडी_मास्तर
फॉस्फेटच्या खडकात युरेनियम असतंच, किलोमागं मिलिग्रॅमच्या मापात, थोडं खतात येतं. ते बहुतेक मातीला धरून बसतं. बोअरच्या पाण्यात जे येतं ते सहसा खालच्या खडकातलं. हिरवं, चार प्रभाराचं युरेनियम पाण्यात विरघळायला तयार नसतं. त्याला हवा लागली, नायट्रेट मिळालं की ते पिवळं होतं, आणि पाण्यात बायकार्बोनेट असलं की ते कावडीच्या कंबरेला चिकटतं आणि मग कावड पाण्याबरोबर चालू लागते. म्हणजे युरिया टाकून टाकून नायट्रेट खाली उतरलं की खडकातलं युरेनियम सुटायला हातभार लागतो.

खडक पण बघावा लागतो. आपल्या पश्चिमेकडचा काळा बेसाल्ट, त्यात युरेनियम फार कमी. ग्रॅनाइटमध्ये त्याच्या कितीतरी पट. कोलार, चिक्कबळ्ळापूरकडं पाण्यात युरेनियम जास्त निघालंय ते ग्रॅनाइट आणि खोल बोअरमुळं. पिण्याच्या पाण्याला जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम, आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची ६०. तपासून घ्या, अंदाजावर जाऊ नका. आणि उकळून काही होत नाही, पाणी आटतं, युरेनियम तिथंच राहतं. आरओनं निघतं.

चिकोडीचा_ऊसवाला
आरओचं उरलेलं पाणी उसाला सोडतोय.

कुंदाप्रेमी
मग तो ऊस फॅक्टरीत, साखर कुंद्यात, कुंदा माझ्यात. धन्यवाद मालक.

बैलहोंगलकडचा
इतका वेळ वाचत होतो. आमच्याकडं देशनूर भागात वालुकाश्मात युरेनियम सापडलंय, अणुखनिजवाल्यांनी शोधासाठी बोअर मारलेत हे तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही का? आम्ही त्याच दगडाच्या घरात राहतोय आणि तुम्ही वाटीवर चर्चा करालात.

गोकाकवाला
ऐकून होतो. आमच्या धबधब्याचा दगड पण त्याच जातीचा वालुकाश्म ना? मग आमच्यात पण असेल का?

धारवाडी_मास्तर
एका जातीचा दगड म्हणजे सगळीकडं युरेनियम असं नाही. वालुकाश्मात ते बसतं कसं ते बघा. पाणी पिवळं, विरघळलेलं युरेनियम घेऊन दगडाच्या फटीतनं जातं, वाटेत कुठं कुजलेलं सेंद्रिय, पायराइट असं काही लागलं की ते परत हिरवं, चार प्रभाराचं होतं आणि तिथंच खिळून बसतं. म्हणजे वर जे ऊसवाल्यांना सांगितलं त्याच्या बरोबर उलटं. त्यामुळं एका जागी सापडतं आणि फर्लांगभर पुढं काहीच नाही. कर्नाटकात मोठा साठा म्हणून नाव घेतात ते यादगीर जिल्ह्यातल्या गोगीचं.

बैलहोंगलकडचा
तेवढं तरी कुणी गावात येऊन सांगितलं असतं. ड्रिलची गाडी येते, माणसं हेल्मेट घालून दगडाच्या नळकांड्या पेट्यात भरतात, विचारलं तर "सरकारी काम." मग गावात अफवा तेवढ्या पिकतात, एकाची म्हैस गाभडली तरी युरेनियम.

टिळकवाडीची_ताई
हे मात्र अगदी खरं. सांगत नाहीत म्हणून तर माणूस घाबरतो.

कारवार_रोड
कैग्याला अणुवीज केंद्रात कामाला होतो, एवढंच सांगतो की तिथं येणारं युरेनियम पिवळं नसतंय. खाणीपाशी ॲसिडनं किंवा सोड्यानं खडकातनं काढून जो पिवळा साका करतात त्याला यलोकेक म्हणतात. तो हैदराबादला जातोय, तिथं शुद्ध करून डायऑक्साइड करतात, काळ्या गोळ्या, खडूच्या तुकड्याएवढ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या. कैग्याची एक नंबरची युनिट त्याच गोळ्यांवर सलग ९६२ दिवस चालली, ३१ डिसेंबर २०१८ ला बंद केली. तेव्हा आमच्यात पेढे वाटले होते.

कुंदाप्रेमी
कुंदा नाही?

कारवार_रोड
बेळगावचा एक होता, त्यानं कुंदाच आणलेला. यलोकेक म्हणून खपवला.

निवृत्त_लॅबवाला
मास्तर, शेवटी खरी गोष्ट विचारतो, धागा भरकटायच्या आत. मी रिटायर झालो तेव्हा ती पिवळी बाटली फळीवरच होती, अर्धी भरलेली. सोडियम मोजायचं यंत्र, फ्लेम फोटोमीटर, आल्यापासनं कुणी हात लावला नाही. परवा जुन्या शिपायाला फोन केला, म्हणतोय अजून हाय, झाकण गंजलंय, नवीन सर म्हणालेत सिंकमध्ये ओतून बाटली भंगारात द्या.

धारवाडी_मास्तर
अजिबात नाही!! आजच फोन करा. ओतायची नाही, उघडायची पण नाही, कोरडी पूड नाकात गेली तर किरण आणि विष दोन्ही आत. बाटली आहे तशी मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवायची, वर ठळक नाव लिहायचं, कन्नड-मराठी दोन्हीत, कुलूप लावायचं. युरेनियम ही अशी वस्तू हाय की ती परस्पर विकता येत नाही, टाकता येत नाही. प्राचार्यांनी अणुऊर्जा नियामक मंडळाला लेखी कळवायचं, पुढं काय करायचं ते तिकडनं येईल. कुणाला पकडायला येत नाहीत, अशा जुन्या बाटल्या बऱ्याच कॉलेजांत निघतात.

निवृत्त_लॅबवाला
फोन केला. शिपाई म्हणतोय सर, मी ती तशी पण ओतली नसती, तुम्ही त्या दिवशी अंधारात ओरडत बाहेर आला होता ते मला आठवतंय.

खानापूरची_सून
आणि वाटीचं काय झालं? दादा गायबच झाले.

शहापूरवाला
हाय हाय. दुकानात गर्दी होती, लग्नसराई. वाटीचं असं ठरलं, स्वयंपाकघरात नाही आणि कचऱ्यात पण नाही. काठाला एक टवका उडालेला हाय, तो हाताला लागू नये म्हणून पारदर्शक टेप लावली. दुकानातल्या शोकेसमध्ये ठेवलीय, बंद काचेआड. पोरानं शोकेसला आतनं तसलाच निळा दिवा बसवला, आता गिऱ्हाईक साडी सोडून वाटीच बघालंय. काल एक आज्जी आल्या, वाटी बघून म्हणाल्या, अशा सहा होत्या ना तुमच्यात?

कुंदाप्रेमी
बाकीच्या पाच?

शहापूरवाला
तेच बायको विचारालीय. आत्याला फोन लावलाय, लग्नात दोन तिला दिलेल्या म्हणे. दिवा घेऊन रविवारी वडगावला जातोय.